अन्वरची हवा

अन्वर, तुझ्या जनाज्याला इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. आली, आणि खरं सांगतो, ते मला आवडलं नाही. कब्रस्तानाच्या रस्त्यावर दोन्ही अंगांनी ट्रक लागले होते. लोणारचे, दुसरबीडचे, पार जालन्याकडचे ड्रायव्हर डोक्याला रुमाल बांधून उभे होते. एक सरदारजी रडत होता. मी तुला खांदा देत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की माझ्या वेळी एवढे येतील का? नाही येणार, हे मला तिथंच कळलं, आणि मग मला नीट रडायलासुद्धा आलं नाही.

तू असतास तर म्हणाला असतास, "आताही जळून राह्यला का बे गजा?"

हाव बे. जळून राह्यलो.

आपण आयुष्यभर वऱ्हाडीत भांडलो. पण लिहायला बसलं की शाळेतली भाषा येते, त्याला माझा इलाज नाही. तू समजून घे. नाहीतरी तुला सगळं समजायचंच, हीच तर माझी तक्रार होती.

खामगावच्या उस्तादांकडे आपण एकाच उन्हाळ्यात लागलो. त्यांनी मला इंजिनात डिझेल सोडणाऱ्या पंपाच्या टेबलावर बसवलं आणि तुला टर्बोच्या कोपऱ्यात. तेव्हा आपल्याकडे टर्बोच्या गाड्या क्वचित यायच्या. तू दिवसभर रिकामा बसायचास, चकरी हातात घेऊन बोटानं फिरवायचास, कानाशी धरायचास. मला तुझी कीव यायची. तुझा हेवा वाटला नाही असा माझ्या आयुष्यातला तेवढाच काळ. पुढे आपण दोघांनी अमडापुरात रोडच्या दोन बाजूंना समोरासमोर टिनाची शेडं टाकली, गाड्या बदलत गेल्या, आणि दर दुसऱ्या ट्रकाच्या पोटात तुझा टर्बो आला.

लोक तुला विचारायचे, टर्बो म्हणजे काय असते भाऊ, आणि तू काम टाकून सांगत बसायचास. इंजिनातून वाया जाणारा धूर जाता जाता एक चकरी फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरी चकरी असते, ती बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. जास्त हवा गेली की जास्त डिझेल जळते, जास्त जळलं की जास्त ताकद. एवढीच गोष्ट. पण तू ती अशी सांगायचास, की माणसाला वाटावं ही चकरी अन्वरनंच शोधून काढली. धुतलेला पांढरा शर्ट, कानात अत्तराचा फाया, बोटाला ग्रीस नाही. मी समोरच्या शेडात कोपरापर्यंत डिझेलमध्ये बुडालेला. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक चहा मात्र तुझ्याकडे प्यायचं.

आपलं भांडणही याच्यावरच होतं. मी म्हणायचो, "ताकद डिझेलची आहे. तुही हवा काय, फुकटची आहे."

तू म्हणायचास, "हवा नसली त तुहं डिझेल काय करते? कायाभोर धूर! त्यावर काय गाडी चालते?"

"अन् डिझेल नसलं त तुही हवा काय करते?"

"शिट्टी वाजवते," तू म्हणायचास, आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी जाऊन मला उत्तरं सुचायची.

बीटी कापसाची सुरुवातीची वर्षं तुला आठवतात ना? गावोगाव एकच बोलणं होतं. बोंडं अशी लागायची की झाड वाकायचं. खामगावच्या बाजूला सरकी वेगळी करणाऱ्या नव्या जिनिंग उभ्या राहिल्या. दिवाळीपासून होळीपर्यंत आपल्या रोडनं कापसाच्या गाड्या जायच्या, ताडपत्रीतून उडालेल्या कापसानं बाभळी पांढऱ्या व्हायच्या. माझ्या आबांनीही आपलं सगळं रान बीटीखाली आणलं. माझ्या बापानं पहिलं भरलेलं झाड दाखवायला नेलं ते कोणाला? तुला. मी शेडातच होतो. ते मोटारसायकलवर तुझ्या मागं बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तू काम कर, तुले काम आहे."

संध्याकाळी तू परत आलास आणि मला माझ्याच शेताचं वर्णन करून सांगितलंस.

तेव्हापासून आबा तुझ्या शेडातल्या बाकावर बसायला लागले. जेवण झालं की काठी घ्यायची, रोड ओलांडायचा. माझ्याकडे वाकून बघायचे, "चाललं ना?" विचारायचे, आणि पलीकडे जायचे. तुमचं दोघांचं हसणं मला इकडे ऐकू यायचं. घरात आबा असे कधी हसले नाहीत. माझी बायको म्हणायची, "जाऊ द्या ना, म्हातारा माणूस, जिवाले बरं वाटते त्याइले तिथं." बरं माझ्याकडे का वाटत नाही, हे मला कोणी सांगत नव्हतं.

दाब आणि हवा यांतला फरक तू एकदा त्यांना समजावून सांगत होतास, तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी पान्हा मागायला आलो होतो आणि दारातच थांबलो. तू म्हणत होतास, की टर्बोचा दाब मोजायचं घड्याळ लावलं म्हणजे हवा मोजली असं होत नाही. कोंबलेली हवा तापते, तापली की फुगते. घड्याळाचा काटा पूर्ण वर जातो, पण इंजिनात खरी हवा कमीच पडते. म्हणून गाडीच्या तोंडाशी तो जाळीचा कूलर असतो, हवा थंड करून आत सोडायला.

आबा म्हणाले, "हे त कापसाच्या गाडीवाणीच झालं. भर उन्हात येचलेला कापूस फुगते. गाडी पार वरलोग भरल्यासारखी दिसते. काट्यावर नेली, त वजनच नाही."

तू हातातलं काम खाली ठेवलंस. "आबा, हे मले उस्तादालेबी सांगता आलं नसतं," म्हणालास.

पुढे तू हा दाखला हर ड्रायव्हरला दिलास. प्रत्येक वेळी "हे आबांनी सांगतलं" असंही म्हणायचास, चोरी केली नाहीस. पण अन्वर, तो माझा बाप होता. कापूस त्याचा, इंजिनं मी पण उघडत होतो. त्याच्या डोक्यातली ही गोष्ट माझ्यासमोर का नाही निघाली?

मग ती वाईट वर्षं आली. पाऊस दडी मारायचा, आला तर बोंडं फुटायच्या वेळी यायचा. पानं लाल पडून झाडं उभीच्या उभी वाळली. विहिरींना तळ दिसला. आबा शेतात जायचे आणि तसेच परत यायचे. घरात बोलणं बंद झालं त्यांचं. मी विचारायचो, "आबा, काय ठरवलं यंदा?" बायको विचारायची, "जेवता का?" सुनंदा, माझी बहीण, माहेरी आली की विचारायची, "आबा, तब्येत बरी हाये ना?" ते भिंतीकडे बघायचे. पण दुपारी काठी घेऊन रोड ओलांडणं चालूच होतं. आता हसणं ऐकू येत नव्हतं, तुझ्या ग्राइंडरच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं. मला फक्त दिसायचं, की तू खाली बसून काम करतोयस आणि आबा तुझ्याकडे तोंड करून बसलेत. म्हणजे तिथं बोलतात, असं मी धरून चाललो. घरी मुके आणि तुझ्याकडे बोलतात.

त्याच उन्हाळ्यात देविदास ट्रकवाल्याच्या टँकरची भानगड झाली. त्याचा तोच ट्रक हिवाळाभर जिनिंगला कापूस वाहायचा आणि उन्हाळ्यात त्याच्यावर पाण्याची टाकी चढायची. सुनंदाचं सासर डोंगरपट्टीवर, त्या गावाला त्याच टँकरचं पाणी होतं. आणि टँकर चढ चढेना. अर्ध्यावर दम तोडायचा, काळा धूर सोडायचा, देविदास पाणी सोडून देऊन रिकामी गाडी खाली आणायचा. सुनंदाचा फोन आला, "दादा, टँकर काऊन नाही येऊन राह्यला? बाया सकायपासून भांडे लावून बसल्या. लहान लेकरं आहेत इथं."

देविदासनं गाडी माझ्याकडे लावली. मी घड्याळ जोडलं, इंजिन ताणून बघितलं. दाब पूर्ण. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, टर्बो चोख आहे, दोष पंपात आहे. पंप उतरवला, खोलला, बसवला, डिझेल थोडं वाढवून दिलं. देविदास भरून घेऊन गेला आणि आधीपेक्षा अलीकडूनच परत आला. धूर एवढा, की मागचा मोटारसायकलवाला शिव्या देत आला.

तू रोड ओलांडून आलास. तुझ्या मागं आबा. मला तेव्हा तुम्ही दोघं तिथं नको होतात.

तू घड्याळाकडे बघितलंससुद्धा नाहीस. सरळ गाडीच्या तोंडाशी गेलास, जाळी काढलीस आणि वाकून आत बोट घातलंस. कूलरच्या पत्र्यांमध्ये कापूस बसला होता. हिवाळाभर जिनिंगच्या आवारात उडालेला कापूस, त्यावर तेलाचा हात, त्यावर उन्हाळ्याची धूळ. दाबलेल्या लोकरीसारखा नमदा झाला होता नुसता. वारा आतून जायला जागाच नव्हती.

"हवा थंडच नाही होऊन राह्यली," तू म्हणालास. "दाब पुरा हाये गजा, तू बरोबर हायेस. हवा पुरी नाही."

आबांनी त्यातला एक पुंजका चिमटीत धरला, ओढून धागा बघितला आणि म्हणाले, "बीटीचाच हाये." त्या उन्हाळ्यात त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

आपण दोघांनी मिळून कूलर उतरवला, धुतला, हवेनं फुंकला. पण मग मी म्हणालो ते आठव. माझ्या पंपाच्या डोक्यावर एक पडदा असतो. टर्बोचा दाब त्याला ढकलतो, तेवढं डिझेल तो सोडतो. त्या बिचाऱ्याला दाबच कळतो, हवा गरम की थंड, ते नाही कळत. इतके दिवस फुगलेल्या हवेला तो पूर्ण हवा समजून डिझेल ओतत होता, आणि वरून मी अजून वाढवून ठेवलं होतं. मी ते परत जागेवर आणलं. ते मी केलं नसतं तर कूलर धुवूनही धूर पुरता गेला नसता. तू मान हलवलीस. "हे मले नसतं सुचलं," असंही म्हणालास. पण हळू म्हणालास अन्वर, ग्राइंडर चालू होता, कोणी ऐकलं नाही.

टँकर भरला. देविदासनं तुला केबिनमध्ये घेतलं आणि तू हात देऊन आबांना वर ओढलंस. मला म्हणालास, "ये ना बे." मी म्हणालो, मला काम आहे. काम नव्हतं.

दुपार टळायच्या आत सुनंदाचा फोन आला. मागं भांड्यांचा आवाज, बायांचा गलका. "आला दादा, आला! अन् आबाबी आले! अन्वरभाऊनं आणलं त्याइले. आबा बायांच्या भांड्याइत नळी धरून उभे हाये, हसून राह्यले!" ती रडत होती. "अन्वरभाऊचे लय उपकार झाले दादा."

मी म्हणालो, "हाव." पंपाचं मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी आबा गेले. झोपेत गेले, घरीच. माती झाल्यावर तू माझ्या शेडात येऊन बसलास, तुझी जागा सोडून. मला तेव्हा विचारायचं होतं, की काय बोलायचे रे ते तुझ्यापाशी. एवढी वर्षं, एवढ्या दुपारी. शेताबद्दल काही म्हणाले? माझ्याबद्दल? तोंडापर्यंत आलं होतं. पण माझ्या बापाची गोष्ट मी तुला विचारायची आणि तू मला सांगायची, हे मला झेपलं नसतं. मी चहा सांगितला.

मग काळही तुझ्याच बाजूनं झाला. नव्या गाड्या आल्या, माझा पंप गेला. आता सगळं कॉम्प्युटर ठरवतो, डिझेल कधी, किती. माझं टेबल धूळ खाऊ लागलं, मी ट्रॅक्टरच्या जुन्या पंपांवर दिवस काढू लागलो. तुझा टर्बो मात्र जीपमध्ये आला, छोट्या कारमध्ये आला. गेल्या महिन्यात तू एक नवी गाडी उघडून मला हाक मारलीस, लहान पोरासारखा खूश. हवेच्या नळीतला एक सेन्सर दाखवलास. "हे पाह्य गजा. दाबाचा सेन्सर अलग, हा अलग. हा हवाच मोजते, वजनानं. माहं खरं झालं का नाही? बोल आता."

मी फणकारून निघून आलो. आणि नेहमीसारखं घरी गेल्यावर उत्तर सुचलं. अगदी पक्कं उत्तर होतं, या वेळी तुला बोलताच आलं नसतं. मी ठरवलं होतं, चांगली माणसं जमलेली बघून सांगायचं. मग लग्नसराई आली, तू इकडे तिकडे, मी गिऱ्हाइकात. त्या दिवशी तुझं दुपारचं जेवण झालं, तू छातीवर हात धरून बाकावर बसलास आणि मी रोड ओलांडून पोचेपर्यंत आडवा झाला होतास. चिखलीला नेईपर्यंतही थांबला नाहीस.

तर उत्तर आता ऐक. तुझी गाडी हवा मोजते, कबूल. पण मोजून काय करते? डिझेल किती सोडायचं ते ठरवते. ती मोजणी माझ्या डिझेलसाठीच आहे बे. आता तूच बोल.

काल मी आणि बायको तुझ्या घरी गेलो. तुझ्यामागं शमीमभाभी इद्दतमध्ये आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. बायको आत गेली, मी बाहेरच्या खोलीत बसलो, भाभी पडद्याआडून बोलल्या. तुझ्या चपला तिथंच होत्या. इकडचं तिकडचं बोलणं संपलं. तेव्हा मी विचारून टाकलं. म्हटलं, भाभी, आमचे आबा अन्वरजवळ दुपारी एवढे बसायचे, शेवटची वर्षं तर रोजच. तो घरी येऊन कधी काही सांगायचा का? काय बोलायचे आबा?

भाभी म्हणाल्या, "आबा? कुछ नहीं बोलते थे भाऊ."

मला वाटलं, त्या सांगायचं टाळताहेत. म्हटलं, भाभी, आता काय लपवायचं.

"खुदाची कसम भाऊ. मी डबा घेऊन जायची ना दुकानात. हे काम करत बसायचे, आबा बसून राहायचे. दोघंबी चूप. मी यांना एकदा म्हणलं, म्हातारं माणूस रोज येऊन बसते, दोन शब्द त बोला त्यांच्यासंगं. त म्हणे, शमीम, घरी सारेच त्यांना विचारतात. मी बी विचारलं, त इथूनबी उठून जातील. मग कुठं जातील?"

आतून बायकोचा हुंदका आला. मी पडद्याकडे बघत बसलो. आबा घरी भिंतीकडे बघायचे तसा. भाभींनी चहा पाठवला, तो मी प्यायलो, कुठल्या चवीचा होता सांगता येणार नाही.

तुझा कान माझ्याहून तेज होता, हे मी कधीच पचवलं होतं. तुझी गिऱ्हाइकं, तुझा शर्ट, तुझा जनाजा, तेही हळूहळू पचेल. पण अन्वर, मी त्याच्या पोटचा होतो. एका घरात राहायचो, एका ताटात जेवलो होतो. मला रोज विचारायचंच सुचायचं. न विचारायचं तुले कसं सुचलं बे?